पान सत्त्याण्णव ते एकशे बारा

सासूचं कौतुक करायला मी काही जन्माला आलेली नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली निदान बारा तरी ओट्याशी कुणी उभं राहायचं या भांडणात गेली असतील. तेव्हा हे कौतुक नव्हे, घडलं तसं सांगतेय, एवढंच. मधेच आवाज चढला तर माफ करा. दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते मी. दिवसभर "पुढचे कोण?" असं ओरडून गळा तसलाच झालाय.

आमच्या सासूबाईंनी चौतीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात काढली. छापखान्यातून पुस्तक येतं ते काही पुस्तक होऊन येत नाही. मोठमोठे कागद येतात. त्यांच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फॉर्मा होतो. असे बारा-पंधरा फॉर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, वर कव्हर चढवायचं, मग ते पुस्तक. रचायचं काम एका लांबच लांब टेबलावर चालायचं. बायका ओळीनं बसायच्या आणि प्रत्येकीच्या पुढ्यात एकाच फॉर्म्याचा गठ्ठा. पहिलीनं पहिला फॉर्मा ठेवून पुढं सरकवायचा, दुसरीनं त्यावर दुसरा, असं करत शेवटपर्यंत. त्या बायकांना नावं होती, पण ती हजेरीच्या वहीपुरती. टेबलावर पहिली, चौथी, अकरावी अशाच हाका मारायच्या. आमच्या सासूबाई सातवी.

आमच्या लग्नात एका बाईंना पुढं करून त्या मला म्हणाल्या, "ही आमची अकरावी." मी आपलं कौतुकानं विचारलं, "अय्या, मग बारावी का नाही केलीत?" त्या दोघी पोट धरून इतक्या हसल्या की मला वाटलं, नव्या सुनेची पहिल्याच दिवशी मुद्दाम फजिती केली. चार दिवस गाल फुगवून बसले होते मी.

तर चौतीस वर्षं सातवा फॉर्मा. म्हणजे पान सत्त्याण्णव ते एकशे बारा. हात चालता चालता नजर पडेल तेवढं वाचायचं, आणि डबा खाताना एखादा खराब निघालेला फॉर्मा समोर धरून उरलेलं. हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली, पण प्रत्येकाची तेवढीच सोळा पानं. माणूस चिडलाय एवढं कळायचं, का चिडलाय ते पाचवीला ठाऊक, आणि पुढं त्याचं काय झालं ते नववीला विचारा. एकदा मला म्हणाल्या, "मी शेकड्यांनी लग्नं लागताना बघितली गं. ठरताना एक नाही आणि मोडताना एक नाही."

निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्यात छोटासा समारंभ झाला. मुकादम तसा तोंडाचा फटकळ माणूस, पण त्या दिवशी उभा राहून म्हणाला, "चौतीस वर्षांत सातवीच्या हातून एकही फॉर्मा सुटला नाही. एकही!" तेच वाक्य छापून, फ्रेम करून दिलं. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी मागून म्हणालं, "सातवे, तू तर ढीगभर पुस्तकं वाचली असशील!" सासूबाई म्हणाल्या, "एकही नाही." सगळे खो खो हसले. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि मला, खरं सांगते, कसंसंच झालं.

वर्ष बदललं त्या सकाळी मी उठून बघते तर बाईसाहेब स्वयंपाकघरात दाभण आणि वीतभर पुठ्ठा घेऊन बसलेल्या.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"एक पुस्तक वाचलं की एक टाका. वर्षाचे पंचवीस."

"पंचवीस? आई, पाच वाचा. तेवढ्यानंही देव पावला म्हणेन मी."

"तीस वाचणार होते. पाच तुझ्यासाठी सोडलीत ना," त्या म्हणाल्या आणि पुठ्ठा फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवला.

नियम त्यांचे त्यांनीच केले होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. प्रस्तावना टाळायची नाही. कंटाळा आला म्हणून पानं उलटायची नाहीत. आणि आठ फॉर्म्यांहून बारीक पुस्तक टाक्यात धरायचं नाही.

ग्रंथालयात नाव घालायला मीच बरोबर गेले. अर्जात शिक्षणाचा रकाना होता. त्यांनी मोठ्या अक्षरात 'सातवी' लिहिलं आणि माझ्याकडे तिरकं बघून हसल्या. शाळाही त्यांची सातवीलाच सुटली होती. टेबलामागच्या चष्मेवाल्या बाईंनी जरा समजुतीच्या सुरात एक पातळसं पुस्तक पुढं केलं, "हे बघा, सोपं आहे, अक्षरही मोठं आहे." सासूबाईंनी ते हातात घेतलं, पाठीवर अंगठा दाबला आणि परत ठेवलं. "पाच फॉर्मे. चालणार नाही." मग मागच्या फळीवरचं एक जाडसर उचलून तसाच अंगठा दाबला. "हे चौदा." बाईंनी शेवटचं पान उघडून बघितलं. दोनशे चोवीस. चौदा सोळं दोनशे चोवीस. चष्मा नाकावर सरकवून बाई म्हणाल्या, "बसा ना आजी, उभ्या का?" मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

घरी मात्र आनंद बिनंद काही नाही. पहिल्याच आठवड्यात दूध तीनदा उतू गेलं. तिसऱ्यांदा मी गॅस पुसता पुसता तोंडाला येईल ते बोलले. "वाचायची एवढी हौस आहे तर दुधावर नजर ठेवत वाचा!" त्यांनी शांतपणे बोट पानात घालून पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "अगं, तो विहिरीत उतरलाय आणि वरचा दोर कुणीतरी कापला. आता मी दूध बघू का त्याला बघू?"

"कुणी कापला?" मी विचारलं. तिथंच फसले.

तेव्हापासून ठरूनच गेलं. संध्याकाळी मी भाजी चिरायची आणि त्यांनी त्या दिवशी वाचलेलं सांगायचं. सांगायची पद्धत अशी, की आमचे हे बाहेरच्या खोलीतला टीव्ही बारीक करून ऐकायचे आणि विचारलं की म्हणायचे, "छे, बातम्या बघतोय." मार्चअखेर सहा टाके झाले, जूनअखेर तेरा. आणि माझी तर जीभ वळवळायला लागली होती. खिडकीवर आलेल्या पेशंटला नाव-वय विचारायच्या आधी मी सांगायचे, "आमच्या सासूबाईंचं चौदावं चालू आहे." डॉक्टरसाहेबसुद्धा जाता-येता विचारायचे, "कितवं?" हे मी सासूबाईंना कळू दिलं नाही. उगाच चढून बसल्या असत्या.

ऑगस्टमध्ये त्यांनी तापानं अंथरूण धरलं. तीन आठवडे पुठ्ठा जिथल्या तिथं. मी गुपचूप ग्रंथालयातून दोन बारीक पुस्तकं आणून उशाशी ठेवली, म्हटलं आकडा तरी हलेल. त्यांनी पाठीला अंगठा लावला आणि म्हणाल्या, "आजारी आहे मी. मूर्ख झालेली नाही." मग बऱ्या झाल्या आणि सप्टेंबरात नुसत्या तुटून पडल्या. सतरा, अठरा, एकोणीस. एकोणिसावं दोन भावांचं होतं. त्याची गोष्ट मात्र त्यांनी मला अर्धवटच सांगितली. "भाऊ असतात दोन. भांडतात. मग जमतं त्यांचं," एवढंच. मला वाटलं, थकल्या असतील.

एकोणतीस डिसेंबरला दुपारी पंचविसावा टाका पडला. मी दवाखान्यातून येतानाच केक घेऊन आले होते. त्यावर पंचवीस असं लिहून घेतलं होतं, आणि दुकानदारानं "कुणाच्या लग्नाचा वाढदिवस?" विचारल्यावर त्यालाही सगळी कथा ऐकवून आले होते. घरात शिरते तर सासूबाई खुर्चीवर बसलेल्या, मांडीवर पुठ्ठा आणि हातात कात्री.

"आई! अहो, काय करताय?"

कच्चकन् एक टाका कापलाच त्यांनी. "एकोणिसावा खोटा आहे."

मी केक तसाच हातात धरून खाली बसले. मग त्यांनी सांगितलं. त्या दोन भावांच्या पुस्तकात पान शहाण्णवनंतर एकदम पान एकशे तेरा होतं. सोळा पानं नव्हतीच. फाटलेली नव्हती, कुणी कापलेली नव्हती, शिवलीच गेली नव्हती. शहाण्णव पानावर भावाभावांचं तोंड बघणं बंद, आणि एकशे तेरावर दोघं एका ताटलीत जेवतायत. तापामुळं मागं पडल्या होत्या म्हणून त्या तशाच पुढं वाचत गेल्या, शेवटचं पान संपवलं आणि टाका घातला.

"मग वाचलं की!" मी म्हटलं. "सोळा पानांनी काय होतंय? मधे मागितली असेल कुणीतरी माफी."

"कुणी?"

"आता ते मला काय ठाऊक?"

"मलाही नाही ठाऊक. म्हणजे वाचलं नाही."

आमचे हे दारात येऊन म्हणाले, "अगं आई, एवढं काय मनाला लावून घेतेस? चोवीस काय नि पंचवीस काय." मी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते परत आत गेले.

पण खरं दुखणं अजून बाहेर यायचं होतं. ते यायला संध्याकाळ झाली. भाजी चिरायला बसलो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "सत्त्याण्णव ते एकशे बारा. कितवा फॉर्मा झाला?"

विळीवरचा माझा हात थांबला.

"शेवटच्या पानावर आमच्याच कारखान्याचं नाव आहे. अकरा वर्षांपूर्वीचं काम. त्या टेबलावर सातव्या जागेवर माझ्याशिवाय कोण होतं? वाचत बसले असेन मी. हातातला फॉर्मा डोळ्यांपुढं धरला असेल आणि पुस्तक तसंच आठवीकडं सरकवलं असेल. आणि पुढं तपासणाऱ्या बाईनंही, सातवीचं काय बघायचं, म्हणून सोडून दिलं असेल."

समोर भिंतीवर ती फ्रेम होती. एकही फॉर्मा सुटला नाही. एकही. आम्ही दोघींनीही तिकडं बघायचं टाळलं. टाका खरा करायचा तर ती सोळा पानं मिळवायला हवीत, आणि ती मिळवायची तर भिंतीवरचं वाक्य खोटं पडणार. मला त्या क्षणी त्या पुस्तकाचा, त्या भावांचा, सगळ्यांचा असा राग आला! दोन गोष्टी होत्या बाईकडे अभिमानाच्या, आणि त्याही एकमेकींच्या जिवावर उठलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच ग्रंथालयात जाऊन आले. दुसरी प्रत नव्हती. चष्मेवाल्या बाईंनी दोन ठिकाणी फोन केले, तिथंही नव्हती. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "कारखान्यात असेल. प्रत्येक कामाची एक प्रत नमुना म्हणून कपाटात ठेवतात."

"मग सोपंय. मी मुकादमांना फोन करते. कशाला हवीय ते सांगायची गरज नाही. म्हणू, आठवण म्हणून बघायचीय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच सातवीत नापास झालेय. "खोटा होता म्हणून टाका उसवला. आता तो परत खोटं बोलून घालू?"

मी फोन खाली ठेवला. सतरा वर्षांत मी त्यांचं इतक्या पटकन ऐकल्याचं मला तरी आठवत नाही.

एकतीस तारखेला सकाळी त्या माझ्याआधी तयार होऊन दारात उभ्या. ठेवणीतली साडी, पिशवीत ग्रंथालयाचं पुस्तक. मी दवाखान्यात फोन करून सांगितलं, जरा उशीर होईल. रस्ताभर त्या भरभर पुढं चालत होत्या. कारखान्याच्या जिन्यात मात्र मधेच थांबल्या आणि कठडा धरला. मी म्हटलं, "आई, परत जायचं का?" त्या म्हणाल्या, "दम लागलाय. दुसरं काही नाही." दम काही लागला नव्हता.

वर टेबल तस्संच होतं, बायका ओळीनं बसलेल्या. "सातवी आली, सातवी आली!" असा एकच गलका झाला. त्यांच्या जागी आता दुसरी कुणी बसत होती, तीही उठून उभी राहिली. मुकादम आपल्या कोपऱ्यातून उठून आला. "या या! काय, करमत नाही ना घरी?"

सासूबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, पान शहाण्णव उघडून त्याच्यापुढं धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मुकादम, यात सातवा फॉर्मा नाही. माझ्या हातून सुटलाय."

टेबलावरचे हात थांबले. कोपऱ्यातलं कटिंग मशीन तेवढं खडखडत होतं. मुकादमानं पुस्तक उलटंसुलटं केलं, पाठ बघितली, शिलाई बघितली. मग म्हणाला, "अहो, त्या दिवशी तुम्ही रजेवर असाल. बदली बसली असेल कुणीतरी."

आयती वाट करून दिली होती हो त्यानं! मी मनात म्हटलं, बाई, हो म्हणा. निदान मान तरी हलवा.

"मी रजा कधी घेतली, मुकादम?" त्या म्हणाल्या. "चुकले मी. वाचत बसले आणि चुकले. ते फ्रेममधलं वाक्य तुम्ही परत घ्या. मला फक्त कपाटातली प्रत द्या, सोळा पानं वाचायचीत."

मुकादमानं पुस्तक मिटलं आणि तो आत गेला. बराच वेळ कपाटाचे आवाज येत राहिले. मग बाहीनं धूळ पुसत तो पुस्तक घेऊन आला आणि स्वतः खुर्ची ओढून सातव्या जागेपाशी ठेवली. "बसा. इथंच वाचा. आणि ते वाक्य मी काही परत घेत नाही. चौतीस वर्षांत एक, असं लिहून देतो. चौतीस वर्षांत एक! माझ्या स्वतःच्या हातून वर्षाला चौतीस सुटतात." बायका हसल्या. सासूबाईंना हसूही येईना आणि दोन्ही हातांत पुस्तक धरल्यानं डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून मी माझा रुमाल पुढं केला.

त्यांनी सत्त्याण्णव उघडलं आणि वाचायला लागल्या. घाई नाही. बोट ओळीखालून चालत होतं. बायका काम करत होत्या, पण सगळ्यांचे कान तिकडंच. माझा जीव मात्र टांगणीला. मी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा पाणी पिऊन आले. शेवटी एकशे बारावं पान संपलं. त्यांनी चष्मा काढला.

मला राहवेना. "कुणी मागितली माफी?"

"मोठ्यानं," त्या म्हणाल्या. "आणि चूक धाकट्याची होती."

"अगं बाई!" टेबलावरून चौथी म्हणाली. "हे मोठ्या-धाकट्याचं पुस्तक होय? माझ्या फॉर्म्यात त्यांचा बाप जातो. भांडण कशावरून झालं गं त्यांचं?"

"आणि माझ्यात धाकट्याला मुलगी होते," अकरावी म्हणाली. "नाव ठेवतात आजीचं. मी म्हणायचे, कुठली आजी? माझ्या पानांत तर आजीचा पत्ताच नाही."

"आजी पहिल्या फॉर्म्यात आहे," सासूबाई म्हणाल्या.

"होय गं," पहिली म्हणाली, "पण ती पुढं कुठं गेली ते मला कधी कळलंच नाही. सांग ना."

अकरा वर्षांपूर्वी या बायकांनी ते पुस्तक आपल्या हातांनी रचलं होतं, हजारांच्या संख्येनं. प्रत्येकीकडे तिचा तिचा तुकडा होता, अजून तोंडपाठ. आणि अख्खं पुस्तक ठाऊक असलेली त्या टेबलावर एकच बाई होती.

सासूबाईंनी खुर्ची जरा मागं घेतली. "बरं, ऐका. एक आजी असते. तिच्या घराला दोन दारं असतात..."

सुरुवातीपासून सांगायला लागल्या. तोच आवाज, तेच मधेमधे थांबणं, आमच्या स्वयंपाकघरातला. टेबलावरचे फॉर्मे एका हातातून दुसऱ्या हातात सरकत होते, पण हळूहळू, आणि मधेच कुणाचा तरी हात तसाच राहून जात होता. मुकादम बघत होता. मला वाटलं, आता ओरडणार. तो उठला, कोपऱ्यात गेला, आणि त्यानं कटिंग मशीन बंद केलं. मग तिथंच एका गठ्ठ्यावर बसला.

दवाखान्यात खिडकीपुढं रांग लागली असणार, हे ठाऊक असूनही माझा पाय निघेना. तेवढ्यात कागदाचा माल घेऊन आलेला ड्रायव्हर जिना चढून वर आला. अख्खा कारखाना गप्प आणि एक म्हातारी बोलतेय, हे बघून दारातच थबकला आणि मला मोठ्यानं विचारलं, "काय चाललंय? कोण या बाई?"

"आमच्या सासूबाई," मी म्हटलं. "हळू बोला जरा. पंचवीस पुस्तकं वाचलीत त्यांनी, त्यातलं एक सांगतायत."